पगार किती, त्याआधी पगार कधी?

(तरुणांच्या रोजगार मार्गदर्शन शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'पगार, सवलती आणि कामाचा दर्जा'. समोर बसलेल्यांत तीन प्रकारचे लोक आहेत. काही जण आयटीत किंवा कुठल्या तरी ऑफिसात नोकरी शोधताहेत. काही जण गॅरेजवर, लूमवर, शिलाईच्या कारखान्यात किंवा बाइकवर डिलिव्हरीचं काम आजच करताहेत. आणि मागच्या दोन रांगांत अशी मंडळी आहेत, ज्यांच्या अब्बांचा किंवा चाचांचा स्वतःचा धंदा आहे आणि पाच-दहा माणसं त्यांच्याकडे कामाला आहेत. त्या मागच्या रांगांशी मला आज जास्त बोलायचं आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात देशातल्या मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात असल्याचं दिसलं होतं. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांचा पहिला मालक हा मोहल्ल्यातलाच, कित्येकदा नात्यातलाच असतो. त्यामुळे कंपनी आपल्याला काय देते, एवढ्यावर आपला पगाराचा प्रश्न संपत नाही. आपण आपल्या माणसाला काय देतो, हाही त्यातच येतो.

दोन वाक्यं तुम्ही रोज ऐकता. मालक म्हणतो, "पगार वाढवून बघितला, काम तेवढंच करतात." कामगार म्हणतो, "जेवढा पगार, तेवढं काम." दोघंही पगाराकडे एक आकडा म्हणून बघताहेत. आकडा महत्त्वाचा आहेच, नाही असं कोण म्हणेल? पण माणूस कसं काम करतो हे ठरवणाऱ्या आणखी गोष्टी आहेत. पगार वेळेवर येतो का, शेजारच्याच्या तुलनेत तो न्याय्य वाटतो का, आणि घरी कोणी आजारी पडलं तर आपण एका रात्रीत कर्जात जाऊ का. या गोष्टी बिघडलेल्या असतील, तर आकडा वाढवूनही फारसं काही होत नाही.

सुरुवात वेळेपासून करतो, कारण त्याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. अर्थशास्त्रज्ञ सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लइनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात एक प्रयोग केला. काम होतं पानांच्या पत्रावळी शिवण्याचं. मजुरी नगावर. कामगार गरीब, बहुतेकांच्या डोक्यावर दुकानदाराची, सावकाराची थोडीफार उधारी. काही जणांना झालेल्या कामाचे पैसे मधेच देऊन टाकले, काही जणांना शेवटी दिले. एकूण मजुरी दोघांची सारखीच. दर तोच, पानं तीच, बदलला तो फक्त पैसे हातात पडण्याचा दिवस. ज्यांच्या हातात पैसे आले, त्यांनी आधी उधारी फेडली. आणि त्यानंतर त्यांचं काम सरासरी साधारण सहा टक्क्यांनी वाढलं. वाढ मुख्यतः जास्त गरीब कामगारांमध्ये होती. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. या गरीब कामगारांच्या चुकाही कमी झाल्या. जास्तीची पानं वाया जाणं, चुकीच्या जागी काडी टोचली जाणं, असल्या बारीक चुका. तो माणूस आळशी नव्हताच. त्याचं अर्धं डोकं उधारीवाल्याला उद्या काय सांगायचं, यात अडकलेलं होतं.

माझ्या धंद्यात हे अगदी ओळखीचं आहे. मोबाइलवर मागे दहा ॲप चालू असली की पुढचं ॲप अडखळतं. फोन बिघडलेला नसतो, मेमरी भरलेली असते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं असेल आणि पैशाची सोय झाली नसेल, तर त्या आठवड्यात तो लिहितो त्यात जास्त चुका निघतात. कोड तपासायला बसणारा कोणीही सीनियर हे सांगेल. चूक दिसते, तिच्यामागचं कारण फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती आपण रहमदिलीच्या खात्यात टाकून ठेवली आहे, चांगल्या माणसाने पाळायची गोष्ट म्हणून. मी आलिम नाही, तिची तफसील सांगण्याचा मला अधिकार नाही. पण ओडिशाच्या पत्रावळी बघितल्या की वाटतं, हा धंद्याचाही हिशेब आहे. उशीर करून मालकाचा एक रुपयाही वाचत नाही, आणि काम मात्र कमी आणि चुकीचं मिळतं.

आता आपल्याकडे काय चालतं ते बघा. शिलाईच्या कारखान्यात रमजानच्या आधी कामाचा डोंगर असतो. कारागीर मधेच गावी निघून जाईल या भीतीने त्याचे एक-दोन आठवड्यांचे पैसे दाबून ठेवले जातात. "ईदच्या आदल्या दिवशी सगळा हिशेब करू." मालकाला वाटतं माणूस बांधला गेला. बांधला गेला खरा, पण बांधलेला माणूस कसं काम करतो? तो दिवस ढकलतो. दुसरीकडे याच्या उलटा प्रकार, उचल. कामगाराला आधीच मोठी रक्कम द्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याने हलायचं नाही. पैसे दाबणं आणि उचलीत अडकवणं, दोन्हींत पगार हा कामाचा मोबदला राहत नाही, तो दोर होतो.

याबाबतीत कायदाही मुळमुळीत नाही. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. आठवड्याचा पगार असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, म्हणजे सुट्टीच्या आधी. मालेगावात लूमची सुट्टी शुक्रवारी असते, तर गुरुवारी पैसे हातात पडले पाहिजेत. आणि काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब. हे 'दोन दिवस' लक्षात ठेवा, आयटीवाल्यांनीसुद्धा. आपल्या क्षेत्रात शेवटच्या हिशेबासाठी पंचेचाळीस-पंचेचाळीस दिवस वाट बघायला लावणं ही सर्रास चाललेली गोष्ट होती.

दुसरा मुद्दा तुलनेचा. हाही प्रयोग ओडिशातलाच, एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांचा. छोट्या कारखान्यांत तीन-तीन जणांच्या तुकड्या केल्या. काही तुकड्यांत तिघांना सारखा रोज, काहींत थोडा कमी-जास्त. ज्यांना साथीदारांपेक्षा कमी मिळत होतं, त्यांचं उत्पादन घसरलं आणि हजेरी तर १८ टक्के-बिंदूंनी खाली आली. रोजावरचा माणूस गैरहजर राहतो, म्हणजे स्वतःची मजुरी बुडवतो. तेवढं नुकसान त्याला परवडत नव्हतं, तरी अपमान त्याहून महाग पडला. पण याच प्रयोगाचा दुसरा भाग मालकांनी नीट ऐकावा. जिथे कोणाचं काम जास्त आहे हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं, तिथे पगारातल्या फरकाने काहीच बिघडलं नाही. लोकांना फरक खुपत नाही, कारण न कळलेला फरक खुपतो.

आणि आपल्या दुकानांत हा फरक कशावर ठरतो? भाचा आहे म्हणून त्याला जास्त. गावाकडून आलेला परका पोरगा आहे म्हणून त्याला कमी. किंवा याच्या उलट: "तू तर घरचाच आहेस, तुला काय पगार द्यायचा?" हे 'घरचाच' फार महागडं प्रकरण आहे. घरचा मुलगा दोन वर्षं तोंड बंद ठेवून राबतो आणि तिसऱ्या वर्षी शेजारच्या गल्लीत त्याच धंद्याचं दुकान टाकतो. मग दोन्ही घरांत लग्नकार्यालाही बोलणं नसतं. अशी घरं तुम्हीही पाहिली असतील. सुरुवातीलाच एका कागदावर रक्कम लिहिली असती, तर नातं टिकलं असतं.

बायकांचा पगार हा तर याहून गुपचूप विषय आहे. भिवंडीत, मुंब्र्यात, धारावीत किती घरांत दुपारी कपड्यांचे धागे कापण्याचं, बटणं लावण्याचं, टिकल्या-मणी शिवण्याचं काम चालतं, बघा. दर डझनावर. दर ठरवतो माल आणून देणारा. शेजारच्या खालाला त्याच कामाचे किती मिळतात हे विचारायचीही चोरी. "घरी बसून चार पैसे मिळतात ना" म्हणून तो पगार मानलाच जात नाही. मग मालात खोट निघाली की त्याच बाईचे पैसे कापले जातात. तुमच्या घरात असं काम येत असेल तर आज रात्री अम्मीला एवढंच विचारा: एका तासात किती डझन होतात? त्याला दराने गुणा. येणारा आकडा घरातल्या सगळ्यांनी एकदा ऐकू द्या.

नगावर मजुरी वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत सेफलाइट नावाची गाड्यांच्या काचा बसवणारी कंपनी आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिने तासाच्या पगाराऐवजी बसवलेल्या काचेवर पैसे द्यायला सुरुवात केली. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लझिअर यांनी तिथल्या नोंदी तपासल्या. दर माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढलं होतं. त्यातला साधारण निम्मा भाग त्याच माणसांनी जास्त काम केल्यामुळे आणि बराचसा उरलेला चांगले कारागीर आकर्षित झाल्यामुळे. मग मालेगाव-भिवंडीच्या लूमवर मीटरच्या हिशेबाने पैसे मिळतात, तिथे असा चमत्कार का दिसत नाही? कारण काच बसवणाऱ्याच्या हातात त्याचं काम असतं. लूमवाल्याच्या हातात वीज नाही. सूत खराब आलं, ताणा सारखा तुटत राहिला, लाइट गेली, तर मीटर कमी भरतो आणि पैसे त्याचे जातात. ज्या गोष्टीवर माणसाचा ताबा नाही, तिच्यावर त्याचा पगार लटकवला तर तो मेहनत वाढवत नाही. तो नशिबाला दोष द्यायला शिकतो. बंद मशीनच्या तासांचा काही तरी ठरलेला मोबदला असायला हवा, हे माझं स्पष्ट मत आहे.

डिलिव्हरीवाले मित्र हसताहेत, कारण त्यांचा इन्सेंटिव्हही असाच असतो. अमुक ऑर्डर पूर्ण केल्या तर एवढे, एक कमी पडली तर काही नाही. शेवटची ऑर्डर येणं न येणं तुमच्या हातात नसतं. मग रात्री अकरा वाजता सिग्नल तोडून गाडी हाणली जाते.

मोठं बक्षीस म्हणजे मोठं काम, हाही गैरसमज आहे. डॅन ॲरिएली आणि सहकाऱ्यांनी मदुराईजवळच्या गावांत लोकांना स्मरणशक्तीचे, हातचलाखीचे खेळ दिले. बक्षीस कोणाला एका खेळामागे जास्तीत जास्त ४ रुपये, कोणाला ४०, कोणाला ४००. त्या काळी तिथे ४०० म्हणजे जवळपास महिन्याचा खर्च. सगळ्यात वाईट खेळले ते ४०० वाले. हात कापायला लागले की नेम चुकतो. आणि टार्गेटचा अतिरेक कुठे नेतो हे अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत २०१६ साली दिसलं. विक्रीचे आकडे गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली होती. बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले. बँकेत, विम्यात, फायनान्स कंपनीत सेल्सची नोकरी घेणाऱ्यांनी मुलाखतीत जरूर विचारा: टार्गेट नाही गाठलं तर हातात नेमके किती येतात? तो खालचा आकडा म्हणजे तुमचा पगार.

आता सवलतींकडे येतो. इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९१३ साली हेन्री फोर्डच्या कारखान्यात माणसं टिकत नव्हती. सुमारे १४,००० कामगार कायम ठेवण्यासाठी वर्षभरात ५०,००० हून जास्त लोक भरावे लागले. रोज नवी माणसं, रोज नवं शिकवणं. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवस आठ तासांचा केला आणि रोज पाच डॉलर जाहीर केला, आधीच्या दुपटीहून जास्त. लोक टिकले, काम सुधारलं. मेहेरबानी म्हणून नव्हे, हिशेब म्हणून त्याने ते केलं. पण त्यात एक मेख होती. त्या पाच डॉलरमधला जवळजवळ अर्धा भाग 'नफ्यातला वाटा' होता, आणि तो मिळण्यासाठी कंपनीचे तपासनीस घरी येऊन बघत: घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, बचत करतो का. त्याच महिन्यात आपल्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे ख्रिसमस पाळून घरी राहिलेल्या आठ-नऊशे ग्रीक आणि रशियन कामगारांना त्याने काढून टाकलं. ईदच्या सुट्टीसाठी ज्यांना ऑफिसात विनवण्या कराव्या लागल्या आहेत, त्यांना हे लगेच कळेल. चांगला पगार देणारा मालक तुमचं सगळं आयुष्य विकत घेत नसतो.

आपल्याकडच्या सवलती याहून साध्या आहेत आणि तरी त्या घेतल्या जात नाहीत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ईएसआय लागू होतं, २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. बारा हजार पगार असेल तर तुमचे ९० रुपये, मालकाचे ३९०. त्यात तुमचा आणि कुटुंबाचा दवाखाना, ठरावीक हप्ते भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, आणि बायकांना बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा पैशांसकट. मोहल्ल्यात एखाद्याच्या बायपाससाठी जुम्म्याच्या नमाजनंतर रुमाल पसरला जातो तेव्हा आपण सगळेच खिशात हात घालतो. घालायलाच हवा. पण पैसे टाकणाऱ्यांच्या रांगेत तो मालकही असतो, ज्याने हे ३९० रुपये वाचवण्यासाठी एकाच शेडची तीन नावांनी नोंदणी केलेली असते.

आणि जकात. बोलायला अवघड विषय आहे, पण या व्यासपीठावर नाही बोलायचं तर कुठे? रमजानमध्ये काही मालक आपल्याच कामगाराला जकातीचे पैसे देतात आणि वर्षभर कमी दिलेल्या पगाराची भरपाई झाली असं मानतात. जकात गरजवंताचा हक्क आहे, मजुरी कामगाराचा हक्क आहे. एकातून दुसरी वळती होत नाही. तुमच्या इमामसाहेबांना विचारून बघा. शिवाय कामाच्या दृष्टीनेही विचार करा. पगार घेताना माणसाची मान ताठ असते. जकात घेताना ती खाली जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने मशीनवर तुम्हाला "शेठ, हे डिझाइन चुकतंय" असं तोंडावर सांगावं अशी तुमची अपेक्षा असते.

नोकरी शोधणाऱ्यांसाठी थोडं, घाईत. ऑफर लेटरवरचा सीटीसी हा पगार नाही. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, विम्याचा हप्ता असतो, आणि 'व्हेरिएबल' नावाची एक रक्कम असते, जी कंपनीच्या मर्जीने पूर्ण, अर्धी किंवा शून्य होते. नव्या संहितेत वेतनाच्या व्याख्येबाहेरचे भत्ते निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर जास्तीचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे बेसिक मुद्दाम छोटा दाखवण्याची जुनी युक्ती आता तेवढी चालणार नाही. विचारायचे प्रश्न असे: मागच्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के मिळालं? ग्रुप विम्यात आईवडील येतात का? माझं मत विचाराल तर, घरात साठीचे आईवडील असतील आणि विम्यात ते येत असतील, तर महिना दोन-तीन हजार कमी असलेली ऑफरही नीट तोलून बघा.

पीएफबद्दल आपल्या मुलांच्या मनात व्याजाचा प्रश्न असतो आणि त्या अडचणीतून काही जण "मला पीएफ नको" म्हणून बसतात. सक्तीने कापल्या जाणाऱ्या पीएफवरची वाढीव रक्कम अनेक मुफ्तींनी जायज ठरवली आहे. स्वतःहून जास्तीची भरलेली रक्कम हा वेगळा मसला आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी जाणत्याला विचारावं, पण ऐकीव माहितीवर मालकाचा वाटा सोडून देऊ नये. पीएफबरोबर एक विमाही असतो. नोकरीत असताना माणूस गेला तर वारसांना सात लाखांपर्यंत मिळतात आणि त्याचा हप्ता मालकच भरतो. कित्येक घरांना हे माहीतच नसल्याने कोणी मागायला जात नाही. मोबाइलवर उमंग ॲप उघडा, पासबुक बघा, आणि दर महिन्याला पैसे जमा होताहेत का ते तपासा. पगाराच्या चिठ्ठीत कापलेले दिसतात आणि पासबुकात नसतात, असंही होतं.

मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे: "धंदा छोटा आहे, पगार वाढवणं परवडत नाही, मग काय करायचं?" रास्त प्रश्न आहे. वाढवणं परवडत नसेल तर या महिन्यापासून तारीख पक्की करा. ईद असो, मंदी असो, गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलेलं असो, कामगाराचा दिवस चुकू द्यायचा नाही. एक वही करा, प्रत्येकाचा दर त्यात लिहा आणि ती वही कोणालाही बघू द्या. यात दर वाढवण्याचा खर्च नाही, महिनाभराच्या पगाराएवढी रक्कम बाजूला ठेवावी लागेल, तेवढंच. ती कशी उभी करायची, यावर चहानंतर ज्यांना थांबायचं आहे त्यांच्याबरोबर कागद-पेन घेऊन बसू. आता बाकीचे प्रश्न घेतो, आधी बहिणींच्या बाजूने.